दारूबंदीच्या जिल्ह्यातून द्राक्षांच्या मुलखात

पुलगावला लागून वाहणारी वर्धा नदी म्हणजे दोन जिल्ह्यांची हद्द. अलीकडे वर्धा, पलीकडे अमरावती. अलीकडच्या काठावर १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजींचं सेवाग्राम आणि विनोबांचं पवनार या जिल्ह्यात, म्हणून सरकारने ती लागू केली. अशा गावातून ‘नाशिकला वाइनरी बघायला चाललो’ असं सांगितलं की घरोघरी पहिला प्रश्न एकच येतो: बघायला की प्यायला?

आम्ही बघायलाच निघालो होतो. सोबत आर्वीकडचे दोन संत्रा बागायतदार होते, एक निवृत्त शिक्षिका होत्या आणि अन्नप्रक्रियेचा अभ्यासक्रम पुरा केलेला एक तरुण होता. बागायतदारांचा प्रश्न सरळ होता. आंबिया बहाराची संत्री एकदम बाजारात येतात, व्यापारी भाव पाडतात आणि फळ चार दिवसही थांबत नाही. मग नाशिकच्या शेतकऱ्याने द्राक्षासारख्या तितक्याच नाजूक फळाचं काय केलं, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडली आणि पहाटे अंधारातच नाशिकरोडला उतरलो.

नाशिक शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या दिशेने दहा-पंधरा किलोमीटर गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू होतात. याच भागात सुला ही वाइनरी आहे. तिचे संस्थापक राजीव सामंत अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकले, तिथे ओरॅकल कंपनीत नोकरी केली आणि मायदेशी परतून कुटुंबाच्या जमिनीवर शेती करू लागले. आंबा लावून पाहिला, खाण्याची द्राक्षं घेतली. मग कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या सल्ल्याने १९९७च्या सुमारास त्यांनी सोव्हिन्यॉन ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींच्या वेली लावल्या. २००० साली पहिली वाइन बाजारात आली. कंपनीचं नाव त्यांनी आईच्या सुलभा या नावावरून ठेवलं. डिसेंबर २०२२मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. पाव शतकात एका शेताचं इतकं झालं, हे ऐकून आमचे बागायतदार सावरून बसले.

आमच्या दृष्टीने खरा मुक्काम बागेत होता. वाइनचं द्राक्ष पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते दुबळं वाटतं. घड लहान, मणी जेमतेम वाटाण्याएवढे, साल जाड आणि आत बी. बाजारात मिळणारी लांबट, बिनबियांची थॉमसन किंवा सोनाका खाणाऱ्याला हे फळ नापास वाटेल. पण तोंडात टाकलं तर गोडी जास्त, आंबटपणाही ठसठशीत आणि सालीला तुरटपणा. वाइनला हेच हवं असतं. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो, म्हणून साल जितकी जाड आणि मणी जितका लहान, तितकं बरं. त्यामुळे खाण्याच्या द्राक्षात मणी फुगवण्यासाठी जी धडपड चालते, ती इथे नसते. उलट वेलीवर घड मोजके ठेवून एकरी उत्पादन आवरतं धरतात.

वर्षाचं गणित मात्र नाशिकच्या सगळ्या द्राक्षांचं एकच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या तयार करायच्या. पावसाळा ओसरल्यावर गोडी छाटणी, म्हणजे फळ धरायचं. मग जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात वाढतं आणि शरदात तोडलं जातं, तर इथे हिवाळ्यात पिकतं, कारण पाऊस टाळायचा असतो. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला तर डाऊनी हा बुरशीचा रोग, नंतर भुरी, आणि मणी भरल्यावर आला तर तडे. हे ऐकताना आर्वीचे दोघं माना डोलावत होते. फळगळीचं दुःख त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

तोडणी पहाटेच्या गारव्यात होते. ऊन चढलं की फळ तापतं आणि रस नको तेव्हाच आंबू लागतो. क्रेट भरून आले की आधी साखर मोजतात. ब्रिक्समध्ये ती साधारण बावीस-चोवीसच्या घरात आली की फळ तयार. यंत्र देठ वेगळे करतं, मणी फोडतं. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच सालीपासून सोडवून थंड केलेल्या स्टीलच्या टाक्यांत घालतात. तिथे यीस्ट साखर खातं, तिचं मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड होतं. लाल वाइन सालीसकट आंबवतात. वर तरंगून आलेली साल पुन्हा पुन्हा खाली दाबावी लागते किंवा खालचा रस वर फिरवावा लागतो. मग काही वाइन ओकच्या पिंपांत विसावते, बरीचशी सरळ बाटलीत जाते. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं. उरलेला चोथा खत होऊन पुन्हा बागेत जातो. आमच्यातला तरुण टाक्यांच्या थंडाव्याच्या जॅकेटवरून हात फिरवत राहिला. दुधाच्या डेअरीत दिसते तशीच यंत्रणा ही, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

दुपारी चव घेण्याचा कार्यक्रम होता. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. पेल्यात घोटभरच ओततात. आधी उजेडात रंग पाहायचा, पेला फिरवायचा, वास घ्यायचा, मग जिभेवर खेळवायचं. घोट गिळायचा नसेल तर शेजारी भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. सोव्हिन्यॉन ब्लांला हिरव्या मिरचीचा आणि पेरूचा वास होता, शिराझला मिऱ्याचा. शिक्षिकाबाईंनी चव घेतली नाही, पण प्रत्येक पेल्याचा वास मात्र घेतला आणि सगळ्यांत नेमकं वर्णन त्यांनीच केलं.

शनिवार-रविवारी इथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. जवळच यॉर्क आणि सोमा या वाइनरीही आहेत. यॉर्क आता सुलाच्याच मालकीची आहे. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसलेली माणसं, पिझ्झाचा वास, फोटो, हे सगळं इथे आहेच. त्यापलीकडे दिंडोरीत शाँदों, इगतपुरीच्या बाजूला ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील बंधूंनी दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांच्याबरोबर उभी केलेली फ्रतेल्ली. या सर्वांच्या आधी, १९८०च्या दशकात, शाम चौगुले यांनी नारायणगावला इंडेज काढून भारतीय फेसाळ वाइन परदेशात पोचवली होती.

पण हे सगळं आपोआप उगवलं नाही. महाराष्ट्र सरकारने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, वाइनच्या उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभारले. २०१०मध्ये नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं. कारखाने शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार करतात. कोणती जात लावायची, साखर किती हवी, भाव काय, हे आधी ठरतं.

पडझडही झाली. २००८ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरचा हल्ला यांमुळे पर्यटन आणि खप दोन्ही खाली आले. वाइन टाक्यांत पडून राहिली, कारखाने बंद पडले, इंडेज बुडाली. नाशिकच्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. ज्या जातीला एकच गिऱ्हाईक, ती जात त्या गिऱ्हाइकाबरोबर बुडते. वाइनचं द्राक्ष मंडईत खपत नाही. आमच्या बागायतदारांनी हा भाग मला दोनदा विचारून घेतला आणि वहीत लिहिला.

परतीच्या गाडीत बोलणं संत्र्यावरच आलं. नागपुरी संत्र्याच्या प्रक्रियेतली अडचण वेगळी आहे. रस काढून ठेवला की लिमोनिनमुळे काही वेळाने कडवट होतो आणि बियाही भरपूर असतात. नागपूरची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था जाती आणि प्रक्रिया यांवर काम करते. म्हणजे गंगापूरचं चित्र जसंच्या तसं आर्वी-कारंजात उतरणार नाही, आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात संत्र्याची वाइन हा मार्गही नाही. पण रस, पल्प, सालीचं तेल, मार्मालेड या वस्तूंना कुठली बंदी आहे? फळ जिथे पिकतं तिथेच त्याचं काहीतरी टिकाऊ करायचं, भाव आधी ठरवायचा आणि शहरातल्या माणसाला बागेत बोलवायचं, या तीन गोष्टींना मद्यार्काची गरज नाही.

पुलगावला हे नवं वाटू नये. इथे कापड गिरणी होती. आर्वीचा कापूस आणायला १९१७ साली नॅरोगेज रेल्वे टाकली गेली. कापसावर गावातच प्रक्रिया झाली, म्हणून पुलगाव गावाचं शहर झालं. गिरणी बंद पडली, छोटी गाडीही थांबली, आणि आज कच्चा माल पुन्हा बाहेर जातो. सगळ्या सहलीत मला सगळ्यांत जास्त काही लागलं असेल, तर ते हे. जी वाट नाशिकने गेल्या पंचवीस वर्षांत तयार केली, ती आमच्या गावाने शंभर वर्षांपूर्वी चालून पाहिली होती.

वर्धा जिल्ह्यातल्या शेतकरी गटांनी, कृषी महाविद्यालयांनी आणि बचत गटांनी ही सहल जरूर करावी. शनिवारी सकाळी नाशिकरोडला उतरून दिवसभर फिरलं आणि रात्रीची गाडी धरली, तर रविवारी सकाळी पुलगावला परत येता येतं. समृद्धी महामार्गानेही जाता येतं, पण चव घेणाऱ्याने गाडी चालवू नये. जायचं तर जानेवारी ते मार्चमध्येच जा, म्हणजे तोडणी आणि गाळप दोन्ही दिसतील. बाटली विकत आणू नका, आपल्या जिल्ह्यात बंदी आहे आणि ती पाळली पाहिजे. चव घेण्याच्या दालनात अर्धा तास पुरे. उरलेला दिवस बागेत, टाक्यांपाशी आणि करारावर द्राक्ष देणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीवर घालवा, आणि त्याला भाव कसा ठरतो ते विचारा.