राखलेलं घर

सुरतेत, आमच्या अडाजणच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एका दाराला पितळी पाटी आहे. वर नाव, खाली ‘हवालदार (निवृत्त), आर्मी सर्व्हिस कोअर’ आणि कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा क्रूस. नाव इथे लिहीत नाही. तसंही त्या नावानं सोसायटीत त्यांना कुणी हाक मारली नाही. गुजराती शेजाऱ्यांचे ते फौजी अंकल, आमचे काका. दर रविवारी चर्चला निघण्याआधी ते ही पाटी घासायचे. ते २०२३ साली गेले. पाटी अजून चकचकीत आहे.

काका मूळचे वसईचे. वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ साली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज निघून गेले, पण वाड्या शिंपणारे, केळी लावणारे ख्रिस्ती तिथंच राहिले. धर्म बदलला होता. भाषा आणि माती तीच होती. काका गावाहून आले की आमच्याकडे सुकेळीचा पुडा यायचा. बोरिवलीला फ्लाइंग राणी पकडायची आणि डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून यायचं, हा त्यांचा शिरस्ता. सुरतेच्या चर्चमध्ये मिस्सा गुजरातीत व्हायची. घरी संध्याकाळी साडेसातला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मराठीत. आणि रिक्षावाल्यानं कट मारला तर शिव्या फौजी हिंदीत. ‘देवाला तिन्ही कळतात,’ म्हणायचे.

डिसेंबर १९७१ मध्ये ते बावीस वर्षांचे होते आणि शकरगडच्या आघाडीवर रसदीचा ट्रक चालवत होते. त्यांची डिव्हिजन ५४वी, तिचे प्रमुख मेजर जनरल वॉल्टर अँथनी गुस्ताव्हो पिंटो. बसंतर नदीपलीकडे पाय रोवायचे तर सुरुंगांचा पट्टा ओलांडावा लागणार होता. वाट पुरती मोकळी होण्याआधीच पूना हॉर्सचे रणगाडे त्यात घुसले. त्या लढाईत दोन परमवीर चक्रं मिळाली: एक मेजर होशियार सिंग यांना आणि दुसरं, मरणोत्तर, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना. खेत्रपाल जन्मले पुण्यात, आणि १६ डिसेंबरला ते गेले तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते.

हे सगळं काका तपशिलानं सांगत, पण त्यात स्वतः कुठंच नसत. मी एकदा विचारलंच. ‘मी? मी डिझेल पोचवलं, आटा पोचवला. परत आलो.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘आमचा जनरल कॅथलिक आहे, हे मला लढाई संपल्यावर कळलं. तोवर कुणाला विचारायला सवड होती?’ २५ मार्च २०२१ रोजी पिंटोसाहेब पुण्यात गेल्याची बातमी आली, तेव्हा काकांनी मोबाइल बाजूला ठेवला, मेणबत्ती लावली आणि दुपारीच तेर्स म्हणायला बसले. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या मावशींनी, वेळेचं विचारलं तर म्हणाले, ‘ही ड्युटी वेगळी.’

निवृत्तीनंतर हजिऱ्याच्या एका कारखान्यात ड्रायव्हरची नोकरी लागली म्हणून ते सुरतेत आले आणि इथलेच झाले. घरात मावशी आणि दोन मुली. रात्री जेवणं झाली की ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरत आणि घरातले सगळे बूट एका रांगेत मांडून पॉलिश करत. मुलींच्या शाळेच्या बुटांत तोंड दिसायचं. माया बोलून दाखवणं त्यांच्या जिभेला जमत नसे, ती अशी हातातून यायची. तापटही होते. थोरलीनं नर्सिंगसाठी बाहेरगावी जायचं ठरवलं, तर दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. जायच्या दिवशी मात्र आपली हिरवी फौजी ट्रंक उतरवली, तिच्यावर मुलीचं नाव पांढऱ्या रंगानं रंगवलं आणि खांद्यावर घेऊन स्टेशनात शिरले. हमालाला हात लावू दिला नाही.

त्यांच्या दाराआड एक लाकडी फळी होती, तिला खिळे, आणि खिळ्यांना शेजाऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या. कुणी गावी निघालं की किल्ली काकांकडे, हा सोसायटीचा अलिखित नियम. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी फुटली आणि सुरत रातोरात रिकामी होऊ लागली. लाखो माणसं पळाली, त्यात मीही होतो. शाळेत मुलांना धैर्याचे धडे शिकवणारा मी बायकोमुलांना घेऊन मध्यरात्री नंदुरबारच्या गाडीत कोंबला गेलो. निघताना किल्ली देताना मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, ‘गॅस बंद केलात ना?’ तेवढ्या दिवसांत फळीवर अकरा किल्ल्या जमल्या होत्या. आम्ही परतलो तेव्हा घरात धूळ नव्हती, आणि गॅलरीतली तुळस ओली होती. त्या पळण्याबद्दल ते पुढं कधीही, चेष्टेतसुद्धा बोलले नाहीत.

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला एक गोष्ट जरा हळू आवाजात सांगावी लागते, ती म्हणजे शिवाजी महाराजांचा जानेवारी १६६४ मधला सुरतेवरचा छापा. आमच्या पाठ्यपुस्तकात तो पराक्रम असतो; इथल्या जुन्या पेठांच्या आठवणीत तो घाव असतो. मी इतिहासाचा मास्तर, दोन्हींच्या मध्ये उभा. एका संध्याकाळी गच्चीवर मी काकांना त्यातलाच एक प्रसंग सांगितला. फ्रेंच प्रवासी बर्निये यानं तो नोंदवून ठेवला आहे. शहर लुटलं जात असताना शिवाजी महाराजांनी कॅपुचिन मिशनरी फादर अँब्रोझ यांच्या घराला हात लावू दिला नाही, कारण हे पाद्री भले लोक आहेत असं त्यांचं मत होतं. आणखी एक घर वाचलं, डच कंपनीच्या एका हिंदू दलालाचं. तो तेव्हा हयात नव्हता. पण जिवंतपणी तो फार दानी होता असं महाराजांना सांगण्यात आलं, आणि तेवढ्यावर ते घर राखलं गेलं.

पाद्र्याच्या गोष्टीनं काका खूश होतील असा माझा कयास होता. नोकरीत काही काळ ते एका मराठा पलटणीला रसद पोचवत, आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही तिची घोषणा त्यांना पाठ होती. पण पाद्र्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, ‘म्हणजे मेलेल्या माणसानं घर राखलं. जिवंतपणी काय, मीही राखतो. पगारी वॉचमनही राखतो.’

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि तापी अडाजणमध्ये शिरली. आमचा तळमजला बुडाला, पहिल्या मजल्याच्या जिन्यावर पाणी चढलं. त्या दिवसांत काकांच्या दोन खोल्यांत आम्ही तीसएक माणसं होतो: जैन, पटेल, खानदेशी आणि समोरच्या दर्ज्याचं मुसलमान कुटुंब. काकांनी पहिल्याच संध्याकाळी पिण्याच्या पाण्याचा हिशेब मांडला, माणशी किती आणि केव्हा. जैन आजींसाठी मावशींनी वेगळं पातेलं काढलं. कांदा-लसूण त्या चुलीजवळ फिरकला नाही. साडेसातला मेणबत्तीच्या उजेडात नेहमीची तेर्स झाली. ती संपल्यावर आजी म्हणाल्या, ‘हवे अमारो वारो’ (आता आमची पाळी), आणि त्यांनी नवकार मंत्र म्हटला. काका हात जोडून उभे होते. फौजेत मंदिर परेडलाही असंच अनवाणी उभं राहायचो, असं नंतर म्हणाले.

त्यांची भक्ती मला कधी बोलण्यातून समजली नाही. येशूबद्दल ते माझ्याशी चार वाक्यंही बोलले नसतील. पण पाणी मोजून वाटणारा तो हात आणि रात्री जपमाळेचे मणी ओढणारा हात एकच होता, हे तीस माणसांनी एकाच घरात बसून पाहिलं. धर्म, फौज आणि संसार असे त्यांच्या आयुष्याचे तीन कप्पे करता यायचे नाहीत. तिन्हीकडे काम एकच होतं: आपल्या भरवशावर सोडलेलं सांभाळायचं आणि मोजून परत करायचं.

ते गेले त्या दिवशी शवपेटीत त्यांच्या हातांत जपमाळ होती. १९७१चं पश्चिमी स्टार पदक मुलींनी घरी ठेवून घेतलं. दफनाच्या वेळी सोसायटीतली पंचवीस-तीस माणसं होती. प्रार्थना कुणालाच पाठ नव्हत्या, पण सगळ्यांनी मूठभर माती टाकली. त्या रात्री मावशींनी फळीवरच्या किल्ल्या ज्याच्या त्याला परत करायला काढल्या. एकानंही घेतली नाही.

गेल्या वर्षी इमारतीला रंग काढायचा ठरला. घरटी वर्गणी मोठी होती. सेक्रेटरी जिग्नेशभाई पावतीपुस्तक घेऊन मजल्यामजल्यावर फिरले, सगळी दारं वाजवली. पितळी पाटीचं दार मात्र वगळून पुढं गेले. कुणी ठराव केला नव्हता, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मला तो दलाल आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पैसे घेऊन खाली आल्या. जिग्नेशभाई ‘रहेवा दो ने, मासी’ म्हणत राहिले. मावशींनी नोटा टेबलावर ठेवल्या, दोनदा मोजून दाखवल्या आणि पावती काकांच्या नावानं फाडून घेतली.