तुरळक विषय

रावेरहून इंदूरला जाणारी वाट बऱ्हाणपूर, असीरगड, खंडवा, सनावद करत मोरटक्क्याला नर्मदा ओलांडते. मग बडवाह आणि भेरूघाट. घाट चढून गेले की सिमरोल लागते. २००९ साली सुरू झालेल्या इंदूरच्या आय.आय.टी.चा परिसर तिथेच आहे. शहरात शिरताना खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाचा तक्षशिला परिसर, आणि पुढे शिकवण्यांच्या फलकांनी झाकलेला भंवरकुआँ. आमच्या सीमेवरच्या माणसाला पुणे-मुंबई लांब. इंदूर त्या मानाने घरचे. शिवाय रामबागेत कुणाची ना कुणाची मावशी असतेच.

जून २०१९ मध्ये याच वाटेने मी भाचीला घेऊन गेलो. ती नुकतीच भूगोल घेऊन बी.ए. झाली होती. प्रात्यक्षिकात संगणकावर नकाशे काढता काढता तिला नकाशापेक्षा संगणकच अधिक आवडू लागला आणि तिने एम.सी.ए. करायचे मनावर घेतले. बी.ए.वाल्याला ही पदवी कोण देणार, अशी माझी समजूत. ती चुकीची निघाली. एम.सी.ए. मुळात इंजिनिअर नसलेल्या पदवीधरांसाठीच निघाली. १९८०च्या दशकाच्या आरंभी, देशात संगणक जाणणारी माणसे कमी पडणार हे ओळखून प्रा. वैद्येश्वरन राजारामन यांच्यासारख्यांनी तिचा आग्रह धरला. बी.एस्सी., बी.कॉम., बी.ए., कुणीही यावे. पन्नास टक्के गुण असावेत, आणि बारावीला किंवा पदवीला गणित असावे.

तेवढे शेवटचे कलम मी वाचले नव्हते.

एका महाविद्यालयाच्या खिडकीशी आम्ही रांगेत उभे होतो. बाबूंनी कागद चाळले आणि विचारले, "बारहवीं में मैथ्स था?"

भाचीने त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितले. "नहीं."

"ग्रॅज्युएशन में?"

"नहीं."

"फिर तो मुश्किल है, बेटा." आवाजात तुसडेपणा नव्हता. त्यांनी कागद नीट जुळवून परत दिले.

आता खरे सांगायचे तर ते गणित मी सोडायला लावले होते. २०१४ साली दहावीला तिला गणितात ६१ गुण होते. कला शाखेतही गणित घेता येते आणि तिला ते घ्यायचे होते. मी मामा, त्यात मुख्याध्यापक, त्यात मराठीचा एम.ए.; माझ्या शब्दाला घरात वजन. "गणित टक्के खाते. सोडलेस तर टक्के वाढतील," असे मी म्हणालो. तिने सोडले. बारावीला ७८ टक्के पडले आणि मी पेढे वाटले.

इतर वाटाही त्या दिवशी विचारून पाहिल्या. एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी संगणकाची किंवा विज्ञानाची पदवी लागते. एम.टेक.ला इंजिनिअरची पदवी किंवा एम.सी.ए.सारखी पात्रता, आणि वर 'गेट'चे गुण. ही परीक्षा तीन तासांची, पासष्ट प्रश्न, शंभर गुण; गुण तीन वर्षे चालतात, आणि त्यांच्या बळावर एम.टेक.ला बसणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. म्हणजे एम.सी.ए. झाली तर पुढची दारे उघडतात, पण एम.सी.ए.च्या दारात गणित बसलेले. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून होती. मोरटक्क्याचा पूल आला तेव्हा म्हणाली, "मामा, बारावीचं गणित आता देता येतं का?"

येते. परीक्षा मंडळाकडे त्यासाठी सोय आहे. अर्जावर त्याला 'तुरळक विषय' म्हणतात. इतकी वर्षे असे अर्ज डोळ्यांखालून गेले, पण ते नापासांसाठी नसून कुणाच्या उमेदीसाठी असतात हे कधी सुचले नव्हते.

आमच्या शाळेतले निवृत्त गणित शिक्षक रोज संध्याकाळी तिला शिकवू लागले. फी घेईनात, वाटीभर शेव मात्र चालायची. मी शेजारी पेपर वाचत बसायचो. बारावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा तर्कशास्त्राचा. खरे-खोटे, आणि-किंवा, जर-तर. संगणकाचा सगळा संसार याच कोष्टकांवर उभा आहे, असे सर म्हणाले. मला तर ते व्याकरणच वाटले. 'जर-तर'चे विधान एकाच वेळी खोटे ठरते: 'जर' खरे आणि 'तर' खोटे असेल तेव्हा. मी पेपर खाली ठेवून पडताळून पाहिले. 'जर गणित सोडलेस, तर टक्के वाढतील.' तिने सोडले होते, टक्केही वाढले होते. कोष्टकाप्रमाणे माझे विधान खरेच ठरत होते.

फेब्रुवारी-मार्च २०२० ची परीक्षा तिने दिली. वय एकवीस, बाकावर शेजारी सतराची पोरे. आमच्याच शाळेची दोन मुले त्याच वर्गात होती, ती तिला 'ताई' म्हणत कंपास मागायची. मग टाळेबंदी आली. जुलैमध्ये निकाल लागला, गणितात ५४. एक वर्ष गेले म्हणून माझी बहीण हळहळत होती, पण नेमक्या त्याच २०२०-२१ पासून तीन वर्षांची एम.सी.ए. देशभर दोन वर्षांची झाली. गेलेले वर्ष असे परत मिळाले. इंदूरच्या महाविद्यालयाचे पहिले वर्ष तिने आमच्या माडीवर, मोबाइलची रेंज शोधत केले. संगणकाच्या मूळ विषयांचा पूरक अभ्यासक्रमही जोडीला होताच.

नियम नंतर सैल झाला. गणित नसलेल्यांनाही आता पुष्कळ ठिकाणी पूरक अभ्यासक्रमाच्या अटीवर एम.सी.ए.ला घेतात. एन.आय.टी.साठीच्या 'निमसेट'ला मात्र, इंजिनिअर सोडून इतरांना, पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र लागतेच. अकरावीच्या प्रवेशाला येणाऱ्या पालकांना मी हे सांगतो. काही जण ऐकतात, काही जण टक्के मोजतात.

२०२१ मध्ये महाविद्यालय उघडल्यावर मूळ कागद दाखवायला मी तिच्याबरोबर गेलो. खिडकी दुसरी, बाबूही दुसरे. त्यांनी बारावीची दोन गुणपत्रके पाहिली, एक सहा विषयांचे, एक एकाच ओळीचे.

"ये दो-दो मार्कशीट क्यों?"

"एक मामा की है, सर," ती म्हणाली, "एक मेरी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, दोन्हीवर शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला हाक दिली.