पाहुण्या माशाची नदी

चंदीगडहून मनालीला निघालेल्या आपल्या मराठी सहली औटच्या बोगद्यात शिरतात आणि कुलूच्या बाजूला बाहेर पडतात. बोगद्याच्या अलीकडेच एक रस्ता बंजारकडे फुटतो, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. हा रस्ता तीर्थन खोऱ्यात जातो. तिथे मॉल रोड नाही, सहलवाले दाखवतात तसे 'पॉइंट' नाहीत. तिथे नदी आहे, देवदार आहेत आणि ट्राउट मासा आहे.

कोकणात गळ टाकायचा म्हणजे एका जागी बूड टेकायचं. इथे बसून चालत नाही. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण खालच्या अंगाने, गोट्यांवर तोल सावरत वर वर सरकायचं. सावली पाण्यावर पडली की खेळ खलास. मी नदीच्या मधोमध, फेसाळ पाण्यात गळ फेकत होतो, तेव्हा सोबतचा, खोऱ्यातल्या गुशैणी गावचा पोरगा म्हणाला, "सर, पानी मत देखो, पत्थर के पीछे देखो." धोंड्यामागे पाणी संथ असतं. मासा तिथे विनाश्रम उभा राहतो आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारे किडे टिपतो. एवढं कळल्यावर अख्खी नदी वेगळी दिसायला लागते. कुठे खोल, कुठे संथ, कुठे नुसताच खळखळाट, हे डोळे आपोआप हेरू लागतात. नदीकाठी निवांत बसून मला नदी कधी इतकी दिसली नव्हती.

हाताला लागलेला ब्राउन ट्राउट वीतभर होता. पिवळसर तपकिरी अंग, त्यावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. हात ओले करूनच त्याला धरायचं, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग जडतो. गळ सोडवून त्याला पाण्यात धरला. क्षणभर कल्ले हलले आणि तो गेला.

हा मासा मूळचा इथला नाही. ब्रिटिश साहेबांनी आपल्या हौसेखातर तो युरोपातून आणला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुलूच्या नद्यांत सोडला. अशा उपऱ्या माशाने स्थानिक माशांच्या पोटावर पाय दिला असणार, हे मला नाकारायचं नाही. पण त्याला थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं, वाहतं पाणी लागतं. तीर्थन नदीवर जलविद्युत प्रकल्प येऊ घातले तेव्हा खोऱ्यातले लोक विरोधात उभे राहिले. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब त्यात पुढे होते. अखेर ते प्रकल्प रद्द झाले, आणि नदी मोकळी ठेवण्यामागे ट्राउटचं जतन हेही एक कारण होतं. शेजारच्या सैंज खोऱ्याच्या वाट्याला मात्र धरण आणि बोगदे आले. साहेबाचा शौक एका नदीला असा उपयोगी पडला, याची मला गंमत वाटते.

गुशैणीच्या पुढे पायवाट ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाकडे चढते. या उद्यानाला 2014 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जुजुराणा हा देखणा पक्षी इथे आहे, पण मला काही तो दिसला नाही. दिसला तो डिपर. काळपट तपकिरी रंगाचा, गुबगुबीत पक्षी. धोंड्यावर दोन उठाबशा काढल्या आणि सरळ धारेत बुडी मारून तळाशी किडे शोधायला गेला! नदीचा त्याचा अभ्यास माझ्यापेक्षा पक्का होता. या जंगलाला दुसरी बाजूही आहे. 1999 साली उद्यान झालं तेव्हा गावकऱ्यांचे इथले चराईचे आणि जडीबुटी गोळा करण्याचे हक्क संपले. आपण ज्याला 'अस्पर्श जंगल' म्हणतो, त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. म्हणून मुक्काम गावातल्या घरी करावा, मोठ्या रिसॉर्टमध्ये नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय तिथे तूप घातलेलं गरम सिड्डू मिळतं.

जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ट्राउटच्या विणीचा काळ, तेव्हा मासेमारी बंद असते. एरवीही मत्स्य विभागाचा परवाना घेतल्याशिवाय गळ पाण्यात टाकू नका.