म्हाताऱ्याचं वय

रद्दीच्या दुकानात किलोवर घेतलेल्या भूगोलाच्या एका जुन्या पुस्तकात तो भेटला. समुद्रात एकटाच उभा. आधी वाटलं, माणूसच हाय. मग खालची ओळ वाचली. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं, त्यातलं एक हॉय. तिथल्या कड्यापासून सुटलेला हा तांबड्या वालुकाश्माचा सुळका. उंची 137 मीटर. नाव ‘हॉयचा म्हातारा’.

पान फाडून घरी आणलं. बाला दाखवलं. बा म्हणाला, “जगाच्या आरंभापासनं हुबा असंल.”

बा सगळ्यालाच असं म्हणतो. गावात आमच्या आज्याला पाटलाच्या ओट्याखाली उभं राहावं लागायचं, भर पावसातसुद्धा. का? तर पूर्वापार. वेशीतल्या शेंदूर फासलेल्या दगडाला आमचा हात लागायचा नाही. का? पूर्वापार. त्या एका शब्दापुढं आमच्या तीन पिढ्या गप.

मी वाचनालयात शोधत बसलो. मित्रांनो, काय सापडलं ऐका. 1750 च्या नकाशात तिथं नुसतं जमिनीचं टोक आहे, सुळका नाहीच. 1817 साली विल्यम डॅनियल या चित्रकाराने तो रेखाटला तेव्हा बुडाशी कमान होती, म्हणजे दोन पाय. त्या पायांमुळेच तो माणसासारखा दिसला, म्हातारा झाला. पुढं वादळात एक पाय गेला. आता एका पायावर उभा आहे. दगड कोट्यवधी वर्षांचा, पण हा आकार तीनशे वर्षांचाही नाही. लाटांनी घडवला, लाटाच पाडणार. 1966 साली तिघं गिर्यारोहक त्याच्या डोक्यावर जाऊन उभे राहिले.

तेव्हा कुणी सनातन म्हणून दरडावलं तर मान खाली घालू नका. आधी वय विचारा. नकाशा मागा.

रात्रपाळीला निघताना बाला हे सगळं सांगितलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मंग आपल्या वेशीतला द्याव किती सालचा?”

बाने आयुष्यात पहिल्यांदा देवाचं वय विचारलं होतं.

म्हटलं, “शेंदूर फासला त्या दिवसापासनंचा.”

बा हसला नाही. ते पान दिव्याजवळ नेलं आणि म्हाताऱ्याचा गेलेला पाय कुठं असंल ते बोटाने शोधत बसला.