परसातल्या सफरचंदाची झोप



दारात लिंबू, पेरू, शेवगा, कढीपत्ता असतोच. आता पुष्कळ घरांत सफरचंदाचे वेड आले आहे. आठवडी बाजाराला रोपवाल्याचा टेम्पो येतो, रोपाला लालभडक फळाचे चित्र लटकवलेले असते आणि मुलांनी हट्ट धरला की रोप पिशवीत पडते. मी त्याला नावे ठेवणार नाही. परसात एक-दोन झाडे हौसेने लावली तर बिघडत काहीच नाही. पण रोपाला हात घालण्याआधी माझी स्वतःची एक चूक ऐकून घ्या.

आमचे गाव तासगाव भागातले. शेजारचे काका २०११ साली दसरा झाल्यावर बद्री-केदारच्या यात्रेला गेले आणि येताना ऋषिकेशहून सफरचंदांची पेटी घेऊन आले. आळीत सगळ्यांना प्रसाद म्हणून एकेक फळ मिळाले. उरलेली दोन-चार काकूंनी फ्रिजमध्ये ठेवली, ती माघापर्यंत राहिली. त्यातल्या शेवटच्या फळाच्या बिया त्यांनी तेलाच्या डब्यात माती भरून टोचल्या. सहा बियांतली एक उगवली. त्याच उन्हाळ्यात काका गेले. काकूंनी ते रोप गोठ्याशेजारी लावले आणि मला विचारले, "बाळा, तू शेतकीचं शिकलास. ह्याला फळ येईल न्हवं?"

घरात नुकतेच दुःख झालेले. मी म्हणालो, "येईल की काकू, सहा-सात वर्षांत."

मला ठाऊक होते की हे खरे नाही. निदान खरे होण्याचा संभव फार थोडा होता. सांत्वनापायी बोललो आणि विसरून गेलो. काकू मात्र विसरल्या नाहीत. उन्हाळ्यात टँकरचे पाणी यायचे तेव्हासुद्धा त्या झाडाची घागर चुकली नाही. २०२० साल उजाडले. झाड दीड पुरुष उंच, पाने हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. धाकट्या मुलाला तिथे ट्रॅक्टरसाठी पत्र्याची शेड घालायची होती. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, तुम्हीच आईला सांगा, हे झाड वांझ आहे म्हणून. तुमचं ऐकेल ती."

आता खरे सांगणे भाग होते.

सफरचंद हे पाने गाळून झोपणारे झाड. थंड मुलखात पारा सात अंशांच्या खाली जातो, झाड निपचित पडते, आणि अशा थंडीचे ठरावीक तास भरले की त्याचे डोळे फुलांसाठी फुटतात. डोंगराळ भागात जी जुनी डेलिशससारखी जात पिकते, तिला असे हजाराच्या आसपास तास लागतात. आमच्याकडे कडाक्याची म्हणतात ती पहाटदेखील दहा-बारा अंशांची. दुपारी पुन्हा उन्हाचा चटका. झाड झोपत नाही, म्हणून नीट जागेही होत नाही. गंमत पाहा, त्या बीला उगवायलासुद्धा थंडी लागते. ती काकूंच्या फ्रिजने दिली. झाडाला कोण देणार?

शिवाय बियांचे झाड आईबापांसारखे निघेल याचा भरवसा नाही. रायवळ आंब्यासारखीच गत. क्वचित एखादे बी नशीब काढते. हिमाचलात बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावी हरिमन शर्मा नावाचे शेतकरी आहेत. १९९८ साली त्यांच्या परसात टाकलेल्या बियांतून एक रोप उगवले आणि त्या कमी उंचीच्या उष्ण गावात त्याला फळ आले. तीच एचआरएमएन ९९ ही जात. शर्मांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. डॉर्सेट गोल्डन ही जात बहामा बेटांवर अशीच एका घराच्या परसात सापडलेली, आणि अ‍ॅना इस्रायलमध्ये मुद्दाम तयार केलेली. या तिन्ही जाती कमी थंडीच्या. आपल्याकडे लावायचे तर यांतलेच कलम घ्यावे, दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. रोपवाल्याला कलमाचा सांधा दाखवायला सांगा. सांधा दिसला नाही तर ते बियांचे रोप समजा. खुंट कोणता तेही विचारा. पाण्याचा ताण सोसायला एमएम १११ बरा. अ‍ॅना एकटी नीट धरत नाही, तिला परागासाठी जोडीला डॉर्सेट हवे.

मग मी काकूंना दुसरा मार्ग सांगितला. मूळ यांचेच ठेवू, वरून जात बदलू. हिमाचलातल्या एका परिचिताने अ‍ॅना आणि डॉर्सेटच्या काड्या ओल्या कागदात गुंडाळून पाठवल्या. २०२१ च्या जानेवारीत मी करवत घेऊन झाडाशी गेलो, तर काकू आडव्या उभ्या. "फळ न्हाई तर न्हाई. ह्यांनी आणलेलं हाय, तोडू नगंस."

तासभर समजूत घालावी लागली. शेवटी म्हणाल्या, "एक फांदी तशीच ठेव." शास्त्रालाही तेच हवे होते. कलम जगेपर्यंत झाडाला पोसणारी एक फांदी राखावी लागतेच. बाकीच्या दोन फांद्या कमरेइतक्या उंचीवर आडव्या कापल्या, मधोमध चीर दिली, तीन-चार डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासून आत बसवली. काडीची साल आणि फांदीची साल निदान एका बाजूने तंतोतंत जुळली पाहिजे, सारे यश त्यावर. प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून वर मेण लावले. एका फांदीवर अ‍ॅना, दुसरीवर डॉर्सेट. परसात जागा एकाच झाडाची असेल तर ही युक्ती ध्यानात ठेवा.

नवे कलम लावणाऱ्यांनी जागा जपून निवडावी. न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू पोसते, सफरचंद बुंध्याशी कुजते. खोल काळ्या रानात पाणी साचत असेल तर नादच सोडा. मुरमाड, निचऱ्याची जागा, सकाळचे ऊन आणि दुपारी पश्चिमेकडून भिंतीची किंवा झाडाची सावली, असे असावे. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. कलमाचा सांधा मातीत गाडू नये. उन्हाळ्यात खोडाला चुना लावावा, म्हणजे साल भाजत नाही.

आता झोपेचे. द्राक्षवाल्यांना हे लगेच पटेल. वेलही मूळची थंड मुलखातलीच. इथे ती झोपत नाही म्हणून तर आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी घेतो. इंडोनेशियात जावा बेटावर बातू गावाच्या परिसरात सफरचंदाच्या बागा आहेत. विषुववृत्ताजवळचा मुलूख, हिवाळा नाहीच. तिथले शेतकरी फळ उतरले की झाडाची सारी पाने हाताने ओरबाडतात आणि फांद्या वाकवून बांधतात, मग फूल येते. आम्ही तेच केले. नोव्हेंबरच्या शेवटी पाणी तोडले, डिसेंबरात पाने काढली, हलकी छाटणी केली, उभ्या वाढणाऱ्या फांद्या सुतळीने आडव्या ताणल्या आणि मग शेणखत घालून पाणी सोडले.

पहिल्या हिवाळ्यात नुसती पालवी आली. २०२३ च्या फेब्रुवारीत मात्र काकूंची नात पळत आली, "आजीच्या झाडाला फुलं आली!" मी जाऊन पाहिले. पांढरी, किंचित गुलाबी फुले होती, आणि काकू खाली फतकल मारून बसल्या होत्या, वर बघत. मला काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

एका झुपक्यात एकच फळ ठेवा, बाकीची लहानपणीच खुडा, असे मी बजावले होते. त्यांनी एकही खुडले नाही. त्यामुळे फळे लिंबाएवढीच राहिली. निम्मी पोपटांनी खाल्ली, कारण कापडी पिशव्या बांधायला उशीर झाला. जूनमध्ये अकरा हाती लागली. रंग चित्रातल्यासारखा नाही, पिवळट, एका गालाला लाली. फळ तांबडे व्हायला रात्री गार लागतात, त्या इथे कुठल्या?

हे वाचून कोणी एकरभर लावायला निघाला असेल तर त्याने थांबावे. आपल्यासारख्याच हवामानातली, निदान सहा-सात वर्षांची बाग आधी डोळ्यांनी पाहावी. मालकाला फळ किती निघाले एवढेच न विचारता काय भावाने विकले तेही विचारावे. अकरा फळे परसाला पुष्कळ झाली, कर्जाच्या हप्त्याला ती पुरत नाहीत.

काकूंनी पहिले फळ काकांच्या फोटोपुढे ठेवले. दुसरे चिरून आम्हां सगळ्यांना एकेक फोड दिली. स्वतः चावून म्हणाल्या, "त्या पेटीतलं ग्वाड हुतं. हे आंबट हाय." मग उरलेली फोडही खाल्ली.

शेड झाली, पण चार फूट आखूड. ट्रॅक्टरचे तोंड बाहेर राहते आणि धाकटा अजून कुरकुरतो. राखलेली ती जुनी फांदी आता पत्र्याला घासते. ती काढू द्यायला काकू तयार नाहीत, म्हणून येत्या डिसेंबरात पाने काढायला जाईन तेव्हा ती तेवढी सुतळीने ओढून बाजूला बांधायची आहे.