कोन मोजायचा राहिला

मूर्तिजापूरजवळ महामार्गावर भरधाव दुचाकी घसरून पडलेला तिशीतला शेतकरी. पेरणीचे दिवस. मांडीच्या हाडाची मान मोडून सरकलेली. एक्स-रे पाहता पाहताच मी ठरवलं, तीन स्क्रू.

ठरवायला आधार होता. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘फेथ’ चाचणीत ११०८ रुग्णांवर स्क्रू आणि डीएचएस, म्हणजे मोठ्या स्क्रूची प्लेट, यांची तुलना केली होती. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागली ती प्लेटवाल्यांत २० टक्क्यांना, स्क्रूवाल्यांत २२ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. रक्ताअभावी खुब्याचा गोळा खराब झाला तो मात्र प्लेटमध्ये ९ टक्के, स्क्रूमध्ये ५. मग लहान छेदात भागत असेल तर प्लेट कशाला?

ते रुग्ण पन्नास आणि त्यापुढच्या वयाचे होते, हे वाचूनही मी डोळ्यांआड केलं. म्हाताऱ्या माणसाची मान घरात पाय घसरूनही मोडते. तरुणाची मोडायला जबर मार लागतो आणि भेग बऱ्याचदा उभी जाते. फ्रिड्रिश पॉवेल्स यांनी १९३५ मध्ये या भेगेच्या कोनावरून वर्गवारी केली. कोन ५० अंशांवर गेला की शरीराच्या वजनाने तुकडे एकमेकांवर दाबले न जाता घसरू पाहतात. तिथे नुसते समांतर स्क्रू कमी पडू शकतात. प्लेट कोन जास्त घट्ट धरते. परीक्षेत हे मी लिहिलं होतं. त्या रात्री कोन मोजलाच नाही.

सी-आर्मवर, म्हणजे शस्त्रक्रियेवेळी वापरतात त्या एक्स-रे यंत्रावर, गोळा किंचित आत झुकलेला दिसत होता. जागा उघडून, डोळ्यांनी पाहून हाड जुळवायला हवं होतं. मी म्हणालो, “चालेल.”

बाहेर त्याच्या वडिलांनी विचारलं, “डाक्टरसायेब, पोरगं वावरात कवा जाईन?”

“सोयाबीन काढणीला,” मी सांगून मोकळा झालो. गोळ्याच्या रक्तवाहिन्या मार लागतानाच तुटलेल्या असू शकतात आणि त्याचा परिणाम दोन वर्षांनीही दिसू शकतो, हे बोललो नाही.

काढणी आली तेव्हा तो कुबड्यांवर होता. स्क्रू मागे सरकलेले, मान आखडलेली, हाड जुळलेलं नाही. शेवटी मांडीचं हाड कापून भेग आडवी करणारी, पॉवेल्स यांचीच शस्त्रक्रिया करावी लागली. हाड जुळलं, पण पाय थोडा आखूड राहिला आणि उकिडवं बसणं गेलं. शेतकऱ्याला ते लहान नुकसान नव्हे.

पुढे काही काळ मी प्लेटचा कट्टर पुरस्कर्ता झालो. तीही चूकच होती. वाकड्या जुळणीवर बसवलेली एक प्लेटही माझ्याच हातून कोसळली, तेव्हा कळलं की स्क्रू की प्लेट हा वाद मी उलट्या टोकाने धरला होता.

आता पाय ओढून, आत वळवून काढलेल्या एक्स-रेवर आधी कोन मोजतो. जागा उघडावी लागेल, याची तयारी पहिल्यापासून ठेवतो. जुळणी मनासारखी झाल्याशिवाय कुठलंही इम्प्लांट मागत नाही. आणि वावराची तारीख देत नाही. दोन वर्षं दाखवायला यावं लागेल, एवढं सांगतो.