चाकाची धाव

सरकारी कचेरीत ज्याने दहा-बारा वर्षे काढली आहेत, त्याला फायलींच्या दोन जाती पक्क्या ठाऊक असतात. पहिल्या जातीच्या फायलीत आधी वस्तुस्थिती येते, तिच्यामागून नियम येतात आणि सर्वांच्या शेवटी निर्णय येतो. दुसऱ्या जातीच्या फायलीत निर्णय आधीच वरून उतरलेला असतो. त्याला शोभेलसे टिपण लिपिकाने मागाहून तयार करावयाचे असते. गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाने न्यू जर्सीहून जे प्रकरण माझ्याकडे पाठविले, ते निःसंशय ह्या दुसऱ्या जातीचे होते.

त्याने एक जुनी मोटार घेतली आहे. माझदा कंपनीची मियाटा, १९९१ सालची. दोन आसनांची, छप्पर मागे दुमडून ठेवता येणारी ही छोटी क्रीडा-मोटार १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. वजन जेमतेम साडेनऊशे किलो आणि इंजिन १.६ लिटरचे, तिची कीर्ती बळासाठी नाही, चपळाईसाठी आहे. धाकट्याने स्प्रिंगा बदलून ही मोटार दीड इंच खाली आणली. मोटार खाली आली तशी तिची मूळची चौदा इंची चाके त्याच्या डोळ्यांना खुजी दिसू लागली. त्याने सतरा इंची, आठ इंच रुंदीची चाके पसंत केली आणि मला लिहिले, "दादा, तू आकड्यांत पक्का. ह्यांवर २०५/४० आर १७ मापाचे टायर बसतात, असा हिशेब मला मांडून दे."

वस्तुतः माझा मोटारीशी संबंध नाही. रामकृष्णपुरममधल्या माझ्या टाइप दोन क्वार्टरबाहेर एक स्कूटर उभी असते, तेवढेच माझे वाहनवैभव. परंतु बारा वर्षांपूर्वी धाकटा विमानात बसला, तेव्हापासून त्याने मला काही विचारले असे झाले नव्हते. वडील गेल्यावर तर आमचे बोलणे 'बरा आहेस ना?' आणि 'आईची औषधे आणलीस ना?' ह्या दोन प्रश्नांवर येऊन थांबले होते. अशा भावाने प्रथमच काही मागितले होते. त्याला हवा तसा हिशेब मांडून देणे मला मुळीच कठीण नव्हते, आणि मोह तर अनावर होता.

आमच्या गावाकडे लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवीत असे. चाकाच्या घेरापेक्षा किंचित तोकडी धाव घडवावयाची, ती विस्तवात लाल करून फुगवावयाची, चाकावर बसवून वर पाणी ओतावयाचे. निवता निवता ती अशी आवळते की सगळे आरे जागच्या जागी घट्ट बसतात. धाव सैल झाली तर ती वाटेत निखळते, फाजील तोकडी झाली तर चाकच मोडते. त्या लोहाराने आकड्यांचे पुस्तक कधी उघडले नसेल. पण चाकाचे माप हे दिसण्याचे माप नव्हे, हे तो जाणत होता. मी कागद पुढे ओढला तो त्याचे स्मरण करून.

टायरवरचे आकडे दिसतात तितके गूढ नसतात. मियाटाचे मूळ टायर १८५/६० आर १४. ह्यातील १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा साठ. आर हा रेडियल बांधणीचा आणि १४ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच नावात मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिघे एकत्र नांदतात. इंचाचे २५.४ मिलिमीटर धरले की रिम ३५५.६ आणि दोन्ही भिंती मिळून २२२. टायरचा पुरा व्यास ५७७.६ मिलिमीटर. धाकट्याच्या पसंतीच्या टायरचा व्यास त्याच रीतीने ५९५.८ भरतो, म्हणजे शेकडा सुमारे तीनने अधिक. वेगमापकाचा काटा शंभर दाखवील तेव्हा गाडी एकशे तीनने धावत असेल, आणि लहानशा इंजिनाला प्रत्येक गिअरमध्ये थोडे अधिक ओझे ओढावे लागेल.

पण खरी अडचण मडगार्डाखाली होती. गाडी दीड इंच खाली आली, म्हणजे टायरचा माथा आणि मडगार्ड ह्यांतील अंतर ३८ मिलिमीटरांनी घटले. नव्या टायरची त्रिज्या नऊ मिलिमीटरांनी जास्त. तेवढे अंतर आणखी गेले. एकूण ४७. गाडी खाली घेणे आणि चाक मोठे करणे हे दोन्ही खर्च एकाच खात्यावर पडतात, हे कोणी सहसा ध्यानात घेत नाही.

त्यावर भर ऑफसेटची. चाक हबला ज्या पृष्ठाने टेकते, ते पृष्ठ चाकाच्या बरोबर मध्यावर नसते. मध्यरेषेपासून ते बाहेरच्या अंगाला जितके मिलिमीटर, तितका त्या चाकाचा ऑफसेट. तो जितका मोठा तितके चाक आत, लहान तितके बाहेर. मूळचे चाक साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५. धाकट्याचे नवे चाक आठ इंच रुंद, ऑफसेट २०. वजाबाकी केली तर नव्या चाकाची बाहेरची कड ५७ मिलिमीटर, म्हणजे चांगली तीन बोटे, पुढे येत होती.

आपण बदलीची माणसे. आपल्याला हे निराळ्या रीतीने ठाऊक आहे. गावाकडचे शिसवी कपाट नव्या क्वार्टरच्या खोलीत मावते, भिंतीला नीट टेकते. आणि मग कळते की त्याचे दार पलंगाला अडते. वस्तू उभी राहण्याची जागा वेगळी आणि ती वापरण्याची जागा वेगळी. दुकानात, छायाचित्रात मोटार उभी असते. रस्त्यावर तिचे चाक खड्ड्यातून वर उसळते, वळणावर तिरके होते. खाली घेतलेल्या गाडीत स्प्रिंगेला दबावयास वाव आधीच थोडा. मडगार्डाची आतली धारदार कड टायरच्या कुशीला लागली की टायर कापत जातो. धाकट्याच्या शेजारच्या आसनावर त्याची बायको बसते. हे मला कोणत्याही रकान्यात मांडता येईना.

एका रविवारी मी करोलबागेतल्या चाकांच्या दुकानांकडे गेलो. गिऱ्हाईक नाही हे सांगूनही एका वृद्ध दुकानदाराने मला स्टूल दिले, चाक पालथे घातले आणि त्यावर आडवी पट्टी ठेवून ऑफसेट कसा मोजतात ते दाखविले. मियाटाच्या चाकाला १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार भोके लागतात हे मी सांगताच त्याने जुन्या होंडा सिटीचे चाक पुढे सरकविले, तीच मांडणी. मधले भोक मात्र पाहून घ्यावे, म्हणाला. मियाटाला ते ५४.१ मिलिमीटरचे हवे. चाकाचे मोठे असेल तर मध्ये कडे बसवावे, नाहीतर चाक नीट मध्यावर बसत नाही आणि वेगात सुकाणू थरथरते. मोठ्या चाकाची बाजूही त्याने प्रामाणिकपणे मांडली: त्यात मोठा ब्रेक मावतो, बुटक्या भिंतीचा टायर सुकाणूला चटकन उत्तर देतो. पण तीच भिंत खड्ड्यात रिमला वाचवीत नाही, आणि स्प्रिंगेखालचे वजन वाढले की हलकी गाडी उड्या मारू लागते.

रात्री मी टिपण लिहिले. सतरा इंची चाकांची शिफारस करता येत नाही. पर्याय: पंधरा इंची चाक, सात इंच रुंद, ऑफसेट ३५, त्यावर १९५/५० आर १५. त्याचा व्यास ५७६. मुळापेक्षा अवघा दीड मिलिमीटर कमी. चाकाची बाहेरची कड २९ मिलिमीटर पुढे येते, आत नऊ मिलिमीटर सरकते. टायरच्या भिंतीची उंची मुळात १११, ह्या पर्यायात साडेसत्त्याण्णव, तुझ्या पसंतीत ८२. तुमच्याकडे हिवाळ्यातले बर्फ वितळल्यावर रस्त्यांना खड्डे पडतात, हे तूच सांगितले आहेस. भारांक ८२ पाहून घे. एका टायरला ४७५ किलो, मूळच्याइतकाच. पैसे मोजण्यापूर्वी एक चाक मागून आण. एका बाजूची स्प्रिंग काढून ठेव, जॅकने चाक पार वरपर्यंत उचल, पुढचे असेल तर दोन्हीकडे पुरते वळव, आणि कोठे घासते ते डोळ्यांनी पाहा. शेवटी मी लिहिले की निर्णय तुझा आहे, हिशेब मात्र माझा आहे, आणि तो मला बदलता येणार नाही.

अकरा दिवस उत्तर आले नाही. आई दोनदा म्हणाली, "त्याचा फोन नाही रे." मी काय सांगणार? टायरवरून भाऊ रुसला, हे त्या माउलीला कोणत्या शब्दांत समजवावे?

बाराव्या दिवशी एक छायाचित्र आले. स्प्रिंग काढलेली, चाक वर उचललेले, आणि मडगार्डाच्या कडेवर खडूची एक खूण. त्याने मित्राचे सतरा इंची चाक मागून आणून लावून पाहिले होते. खाली एकच ओळ: "दादा, निम्म्या उंचीलाच घासले."

मग त्याने पंधरा इंची चाके घेतली. तीही खाली घेतलेल्या गाडीला शोभतात, असे तो आता म्हणतो; मला त्यातले कळत नाही. खाली आल्यावर ह्या गाडीची चाके माथ्याशी आत कलतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो, म्हणून त्याने तो कलही मोजून नीट करून घेतला, आणि त्याचे आकडे न मागता मला पाठविले. दर रविवारी फोन येतो. आईच्या औषधांचा विषय अजून निघतो. पण तो आता शेवटी निघतो.

मागच्या आठवड्यात त्याच्या एका मित्राने आपल्या गाडीसाठी माझ्याकडे हिशेब मागितला. कोणती चाके आवडली, ह्याचे एक मोठे छायाचित्र सोबत होते. मी ते बाजूस ठेवले आणि उलट टपाली एवढेच विचारले: गाडी किती खाली घेतली आहे, आणि तिच्यात बसते कोण?